जाळीच्या एकाच बाजूला

२००९ ची यूएस ओपन, पुरुष दुहेरीची अंतिम लढत. जाळीच्या एका बाजूला लिअँडर पेस आणि त्याचा चेक जोडीदार लुकाश द्लोही, दुसऱ्या बाजूला महेश भूपती आणि बहामाजचा मार्क नोल्स. पहिला सेट भूपती-नोल्सनी ६-३ असा घेतला. पुढचे दोन पेस-द्लोहींनी ६-३, ६-२ असे जिंकून करंडक उचलला. भारतातल्या टेनिसप्रेमींना त्या दिवशी हसावं की हळहळावं, तेच कळेना. एक भारतीय जिंकणार हे आधीच ठरलेलं होतं आणि एक हरणार हेही. बरोबर दहा वर्षांपूर्वी याच दोघांनी एका बाजूला उभं राहून विम्बल्डन जिंकलं होतं.

टेनिसमधलं वैर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकेरीच्या जोड्या येतात. बोर्ग आणि मॅकेन्रो, सॅम्प्रस आणि आगासी, चाळीस वेळा एकमेकांविरुद्ध खेळलेले फेडरर आणि नदाल. तिथे हिशोब सोपा असतो. प्रतिस्पर्धी समोर, मधे जाळी, सामना संपला की हस्तांदोलन. लिअँडरची गोष्ट इतकी सरळ नाही. त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी बराच काळ त्याच्या शेजारी उभा राहून खेळत होता. म्हणून हे प्रकरण एका विजेत्याचं असलं तरी त्यात दुसऱ्याचं नाव सतत येत राहणार.

लिअँडरचा जन्म १७ जून १९७३ चा, कोलकात्याचा. पण पेस घराणं गोव्याचं. वडील डॉ. वेस पेस हे गोव्यात जन्मलेले; १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात ते होते आणि पुढे क्रीडावैद्यक म्हणून नावाजले गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. आई जेनिफर १९८० साली भारतीय बास्केटबॉल संघाची कर्णधार होती, आणि तिच्या बाजूने नातं जातं ते थेट मायकेल मधुसूदन दत्त या बंगाली महाकवीपर्यंत. गोव्याची हॉकी आणि बंगालचं काव्य अशा दोन्हीकडचा वारसा एका पोराला मिळाला. त्यातला नाट्याचा भाग कुठून आला असावा, याचा अंदाज वाचकांनी आपापला बांधावा.

बाराव्या वर्षी तो मद्रासला गेला. तिथे ब्रिटानिया अमृतराज अकादमीत डेव्ह ओमेरा यांच्या हाताखाली त्याचं टेनिस घडलं. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्कोस ओंड्रुस्काला हरवून त्याने विम्बल्डनचं ज्युनिअर विजेतेपद मिळवलं, पुढच्या वर्षी यूएस ओपनचं. कुमारांमध्ये तो जगात पहिला ठरला. त्याच १९९० मध्ये, सतरा वर्षं पूर्ण होण्याआधी, चंडीगडला जपानविरुद्ध झीशान अलीबरोबर तो डेव्हिस कपची दुहेरी खेळला आणि पाचवा सेट १८-१६ असा लांबवून सामना जिंकला. डेव्हिस कप आला की या मुलाच्या अंगात काहीतरी संचारतं, हे तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं.

याच पिढीत महाराष्ट्रातले दोन खेळाडू त्याच्या आणि महेशच्या अगदी जवळून गेले. त्यांचा उल्लेख मराठी पुस्तकात नाही करायचा तर कुठे? पुण्याचा नितीन कीर्तने १९९२ मध्ये महेश भूपतीच्या साथीने विम्बल्डनच्या ज्युनिअर दुहेरीच्या अंतिम फेरीत खेळला. स्कॉट ड्रेपर आणि स्टीव्हन बाल्डास या ऑस्ट्रेलियन जोडीने त्यांना हरवलं. दुसरा गौरव नाटेकर. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर आणि गौरव यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, सांघिक सुवर्णही आणलं. गौरवचे वडील म्हणजे सांगलीत जन्मलेले बॅडमिंटनसम्राट नंदू नाटेकर. पोरवयात ते टेनिसच खेळत. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांनी त्यांना हरवलं, आणि नाटेकरांनी रॅकेट बदललं. १९५६ मध्ये क्वालालंपूरला त्यांनी बॅडमिंटनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात असं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. एका पराभवाने टेनिसचं नुकसान झालं आणि बॅडमिंटनचं भलं. एका पिढीनंतर मुलाने टेनिसमध्ये सुवर्ण मिळवून तो हिशोबही चुकता केला.

लिअँडरच्या एकेरीकडे आपण नीट पाहिलेलं नाही असं मला वाटतं. त्याच्या नावावर एकेरीचा मोठा करंडक नाही. सर्वोच्च क्रमांक ७३. सर्व्हिस बऱ्यापैकी, दुसरी सर्व्हिस तर समोरच्याने हवी तशी हाणावी अशी. बेसलाइनवरून ताकदीचे फटके मारत बसणं हा त्याचा प्रांत नव्हता. त्याचं सगळं भांडवल जाळीजवळ होतं. चेंडू कापून परतवायचा, त्याच्यामागे धावत जायचं आणि समोरचा फटका मारायच्या आत अंतर खाऊन टाकायचं. हे खेळायला मांजरासारखी चपळाई लागते, आणि नव्वदच्या दशकात रॅकेटं आणि फटके दोन्ही इतके वेगवान झाले होते की ही शैली मागे पडत चालली होती. तरीही गवतावर आणि तिरंग्याखाली तो भल्याभल्यांना घाम फोडायचा.

गोरान इव्हानिसेविचची गोष्ट घ्या. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रमेश कृष्णन आणि लिअँडर दुहेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले. त्या वर्षी उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना ब्राँझ मिळणार होतं, म्हणजे पदक एका सामन्यावर होतं. इव्हानिसेविच आणि गोरान प्रपिच या क्रोएशियन जोडीने ते हिरावलं. तीन वर्षांनी डेव्हिस कपसाठी क्रोएशिया दिल्लीला आला. इव्हानिसेविच तेव्हा जगातल्या पहिल्या दहांत, त्याची डावखुरी सर्व्हिस म्हणजे तोफ. लिअँडर पहिले दोन सेट हरला. मग दिल्लीच्या गवतावर त्याने ७-६, ६-४, ६-१ असे तीन सेट ओळीने घेतले. शेवटच्या सेटमध्ये तोफेतली दारू संपली होती. पुढे १९९९ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीतही समोर हाच इव्हानिसेविच, जेफ टारँगोच्या जोडीने, आणि तेव्हाही हरलेला. क्रोएशियाने या सगळ्याची परतफेड अथेन्समध्ये केली. ते पुढे येईलच.

एकेरीतला सर्वांत मोठा दिवस ३ ऑगस्ट १९९६ चा. अटलांटा ऑलिंपिकला लिअँडरला वाइल्ड कार्डने प्रवेश मिळाला होता. क्रमवारीत शंभरच्या बाहेरचा हा खेळाडू स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट, इटलीचा रेन्झो फुर्लान अशांना हरवत उपांत्य फेरीत गेला आणि तिथे आंद्रे आगासीकडून ७-६, ६-३ असा हरला. या वेळी मात्र ब्राँझसाठी वेगळा सामना होता. मनगटाला दुखापत झालेली, पहिला सेट ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीने ६-३ असा घेतलेला. पुढचे दोन लिअँडरने ६-२, ६-४ असे काढले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ जिंकलं, त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षं लागली. खाशाबांना जिवंतपणी अर्जुन पुरस्कारसुद्धा मिळाला नाही. लिअँडरला खेलरत्न मिळालं, पुढे पद्मश्री आणि पद्मभूषणही. एवढ्यापुरतं तरी मधल्या काळात देशाला खेळाची किंमत कळली म्हणायची.

१९९८ मध्ये न्यूपोर्टच्या गवतावर त्याने कारकिर्दीतलं एकमेव एटीपी एकेरी विजेतेपद मिळवलं. काही आठवड्यांनी न्यू हेवनला त्याने पीट सॅम्प्रसला ६-३, ६-४ असं सरळ सेटमध्ये हरवलं. पण तोवर त्याचं मन आणि कॅलेंडर दोन्ही दुहेरीकडे वळलं होतं.

महेश भूपती लिअँडरपेक्षा वर्षाने लहान. जन्म मद्रासचा, पण शाळा मस्कतमधली. आखातात नोकरीधंद्यासाठी गेलेल्या भारतीय घरांतली मुलं तिथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकतात, त्यांतलाच हा एक. वडील कृष्णा भूपती यांनी मुलाला टेनिसपटू करायचंच असा पण केला होता. तिथून महेश अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात गेला आणि विद्यापीठांची दुहेरी जिंकून व्यावसायिक झाला. त्या काळात आखातातल्या मुलाला मोठं टेनिस बघायचं तर फार पर्याय नव्हते. आता बहारीनमध्ये मनामाला एटीपी चॅलेंजर दर्जाची स्पर्धा होते. २०२३ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियाच्या थनासी कोकिनाकिसने जॉर्डनच्या अब्दुल्ला शेलबायहला अंतिम फेरीत हरवलं. मनामातल्या मराठी, कोकणी, मल्याळी घरांतल्या पोरांना घराजवळच्या कोर्टावर एक अरब तरुण अंतिम फेरीत खेळताना दिसला, हे थोडं नाही. महेशला मस्कतमध्ये असलं काही दिसलं नव्हतं. त्याच्यापुढे होते ते वडील आणि त्यांचं वेळापत्रक.

या दोघांची जोडी का जमली, हे समजायला दुहेरीची रीत थोडी बघावी लागते. दुहेरीत एकजण सर्व्हिस करतो तेव्हा दुसरा जाळीजवळ उभा असतो. खरी चाल त्याची. सर्व्हिस पडली की समोरचा परतवणार. तो चेंडू मधेच जाऊन तोडायचा की आपली बाजू राखायची, हे अर्ध्या सेकंदात ठरतं. त्यासाठी जाळीजवळचा खेळाडू पाठीमागे हात धरून बोटांनी खुणा करतो: मी सरकणार, मी थांबणार. महेशची सर्व्हिस जबरदस्त आणि बॅकहँडचा परतीचा फटका त्याहून चांगला. लिअँडरचे हात जाळीजवळ विजेसारखे. महेश चेंडू असा मारायचा की समोरच्याचा फटका वर उठावा, आणि वर उठलेला चेंडू लिअँडरच्या तावडीतून सुटत नसे. एकाच्या उणिवा दुसऱ्याने झाकल्या. मग गुण मिळाला की दोघांनी छातीवर छाती आपटायची. ती आपटाआपट त्या काळात गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा पोचली होती.

१९९७ मध्ये महेशने जपानच्या रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली आणि ग्रँड स्लॅम जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. हे लिअँडरच्या आधी झालं, ही नोंद महत्त्वाची. १९९८ मध्ये दोघे तीन ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत गेले. आणि मग १९९९. चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत ही जोडी होती. ऑस्ट्रेलियात यॉनास ब्यॉर्कमन आणि पॅट्रिक राफ्टरकडून पाच सेटमध्ये हार. पॅरिसमध्ये इव्हानिसेविच-टारँगोवर विजय. विम्बल्डनला पॉल हारहाउस आणि जॅरेड पामर यांच्यावर चार सेटमध्ये विजय. त्याच स्पर्धेत लिसा रेमंडबरोबर लिअँडरने मिश्र दुहेरीही जिंकली. न्यूयॉर्कमध्ये सेबास्टियन लारो आणि अ‍ॅलेक्स ओब्रायन यांनी त्यांना अडवलं. यातला लारो म्हणजे १९९३ च्या यूएस ओपनमध्ये लिअँडर ज्याच्यासोबत उपांत्य फेरीत खेळला तोच. दुहेरीत असंच चालतं. मॅक्स मिर्नी २००२ मध्ये महेशचा जोडीदार म्हणून यूएस ओपन जिंकला, तेव्हा समोर हरलेल्यांत राडेक स्टेपानेक होता. चार वर्षांनी लिअँडर आणि मार्टिन डॅम यांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत मिर्नीला हरवलं. आणि स्टेपानेक पुढे लिअँडरचा जोडीदार झाला.

दुहेरीतली जोडी हे भागीदारीतलं दुकान असतं, पण खातेवह्या दोघांच्या वेगळ्या. क्रमवारीतले गुण प्रत्येकाचे स्वतःचे. जोडी मोडली तरी ज्याचे गुण त्याच्याकडे राहतात आणि त्याला दुसरा चांगला जोडीदार मिळतो. त्यामुळे रुसवा झाला की वेगळं होणं सोपं आणि टिकून राहणं अवघड. एकेरीत हरलात तर दोष स्वतःचा. दुहेरीत हरल्यावर हॉटेलकडे परतताना शेजारी एक माणूस बसलेला असतो, आणि त्याचा चुकलेला फटका तुमच्या डोळ्यांसमोर असतो. त्यात या दोघांचे प्रशिक्षक, वडील, व्यवस्थापक, पत्रकार सगळे मधे पडले. १९९९ च्या त्या वैभवशाली वर्षाच्या अखेरीस बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. २००० मध्ये बराच काळ वेगवेगळे खेळले, सिडनी ऑलिंपिकसाठी एकत्र आले आणि टॉड वूडब्रिज-मार्क वूडफर्ड या ऑस्ट्रेलियन जोडीकडून दुसऱ्याच फेरीत हरले. २००१ मध्ये पुन्हा एकत्र येऊन फ्रेंच ओपन जिंकले. २००२ मध्ये पुन्हा वेगळे झाले. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत मात्र दोघांनी मिळून सुवर्ण आणलं.

खरं आश्चर्य डेव्हिस कपचं आहे. एकमेकांशी धड बोलत नसतानाही १९९७ पासून २०१० पर्यंत या जोडीने डेव्हिस कपमध्ये सलग २४ दुहेरी सामने जिंकले. त्या स्पर्धेच्या इतिहासात इतकी लांब मालिका दुसऱ्या कोणत्या जोडीची नाही. मैत्रीमुळे जोडी चांगली होते असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पाठीमागची बोटं बोलत होती, तेवढं पुरत होतं.

अथेन्सला २००४ मध्ये त्यांचं ऑलिंपिक पदक हातातोंडाशी आलं होतं. उपांत्य फेरीत जर्मनीच्या निकोलास कीफर आणि राइनर श्युटलरने त्यांना हरवलं. ब्राँझच्या लढतीत क्रोएशियाचे मारिओ आन्सिच आणि इव्हान लुबिचिच समोर. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा भारताने ६-४ असा घेतला, आणि तिसरा संपता संपेना. अखेर तो क्रोएशियाने १६-१४ असा जिंकला. या जोडीने त्यानंतर ऑलिंपिकमध्ये कधी उपांत्य फेरी पाहिली नाही. २००८ ला बीजिंगमध्ये उपांत्यपूर्व फेरीत रॉजर फेडरर आणि स्टॅन वावरिंका समोर आले आणि तेच सुवर्ण घेऊन गेले.

मधे २००३ हे वर्ष येतं, आणि तिथे थोडं थांबायला हवं. त्या वर्षी लिअँडरने मार्टिना नवरातिलोवाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन या दोन्ही ठिकाणी मिश्र दुहेरी जिंकली. विम्बल्डनचं ते नवरातिलोवाचं विसावं विजेतेपद होतं, बिली जीन किंगच्या विक्रमाची बरोबरी करणारं. त्यानंतर काही आठवड्यांतच लिअँडरचं डोकं असह्य दुखू लागलं. फ्लोरिडात तपासण्या झाल्या, मेंदूत गाठ असावी अशी शंका आली. शेवटी निदान झालं न्यूरोसिस्टिसर्कोसिसचं, म्हणजे फीतकृमीच्या अळ्यांमुळे मेंदूत होणाऱ्या संसर्गाचं. आपल्याकडे हा आजार नवा नाही. अस्वच्छ पाणी आणि नीट न धुतलेल्या भाज्यांमधून तो होतो आणि झटके येणाऱ्या कितीतरी रुग्णांत त्याचं मूळ सापडतं. औषधांनी लिअँडर बरा झाला आणि पुढच्या वर्षी अथेन्समध्ये चौदा-सोळाचा सेट खेळत होता. त्याच्या चिकाटीचा पुरावा म्हणून लोक अटलांटाचं पदक दाखवतात. मला या आजारातून उठून खेळलेला तो हरलेला सेट जास्त मोठा वाटतो.

भांडणं मात्र उघड्यावर येऊ लागली होती. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सांघिक लढतीत भारत चिनी तैपेईकडून हरला आणि लिअँडरने जाहीरपणे महेशच्या निष्ठेवर बोट ठेवलं. पुढे काही दिवसांनी त्याच दोहात दोघांनी मिळून दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. लिअँडरने सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीचंही जिंकलं. २००८ च्या सुरुवातीला डेव्हिस कप संघातल्या इतर खेळाडूंनी लिअँडरच्या कर्णधारपदाविरुद्ध बंड केलं आणि ते पद त्याच्याकडून गेलं. त्यानंतरच्या वर्षी न्यूयॉर्कची ती अंतिम लढत. २०११ मध्ये दोघांनी शेवटचा संसार मांडून पाहिला: चेन्नई ओपन जिंकली, ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत बॉब आणि माइक ब्रायन या जुळ्या भावांकडून हरले. वर्षअखेर पुन्हा काडीमोड.

आणि मग २०१२ ची लंडन ऑलिंपिक. त्या वर्षी जानेवारीत लिअँडर आणि स्टेपानेकने ब्रायन बंधूंनाच हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती. चारही ग्रँड स्लॅमची पुरुष दुहेरी त्याच्या नावावर झाली. अखिल भारतीय टेनिस संघटनेने पेस-भूपती जोडी जाहीर केली. महेशने आणि दुसरा भारतीय दुहेरीपटू रोहन बोपण्णा यानेही लिअँडरबरोबर खेळायला नकार दिला. संघटना आधी कडक बोलली, मग गडबडली, शेवटी दोन जोड्या पाठवल्या: भूपती-बोपण्णा एकीकडे आणि लिअँडरबरोबर क्रमवारीत फार मागे असलेला विष्णू वर्धन. लिअँडरला शांत करण्यासाठी मिश्र दुहेरीत त्याला सानिया दिली. सानियाने जूनमध्येच महेशबरोबर फ्रेंच ओपन जिंकलेली होती. तिने पत्रक काढून सुनावलं की एका नाराज दिग्गजाची समजूत घालायला आपल्याला आमिष म्हणून वापरलं गेलं. तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. निकाल काय लागला? दोन्ही पुरुष जोड्या दुसऱ्या फेरीत बाद. लिअँडर-सानिया उपांत्यपूर्व फेरीत व्हिक्टोरिया अझारेन्का आणि मॅक्स मिर्नी यांच्याकडून हरले. संघटनेने नंतर महेश आणि बोपण्णावर बंदी जाहीर केली, प्रकरण न्यायालयात गेलं.

या सगळ्यात दोष कोणाचा, यावर देशात दोन तट पडले आणि ते आजही आहेत. लिअँडरला प्रकाशझोत हवा असतो, तो जोडीदाराला दुय्यम लेखतो, असं एक तट म्हणतो. महेशने देशाच्या सामन्यात वैयक्तिक राग आणला, असं दुसरा. २०२१ मध्ये नितेश तिवारी आणि अश्विनी अय्यर तिवारी यांनी केलेल्या ‘ब्रेक पॉइंट’ या मालिकेत दोघांनी आपापली बाजू मांडली. ती पाहिल्यावर लक्षात येतं की दोघांच्याही आठवणी खऱ्या आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. माझं मत विचाराल तर सर्वांत मोठा दोष संघटनेचा. दोन प्रौढ व्यावसायिक एकत्र खेळणार नाहीत हे वर्षभर आधी कळत होतं. त्यावर वेळेत निर्णय घेणं हे संघटनेचं काम. तिने ते ऑलिंपिकच्या तोंडावर आणून ठेवलं.

मिश्र दुहेरीत लिअँडरचं मन बहुधा मोकळं असे. तिथे त्याच्या नावावर दहा ग्रँड स्लॅम आहेत: एक रेमंडबरोबर, दोन नवरातिलोवाबरोबर, तीन कारा ब्लॅकबरोबर, चार मार्टिना हिंगिसबरोबर. हिंगिसबरोबरची तीन २०१५ या एकाच वर्षातली. चौथी २०१६ ची फ्रेंच, अंतिम फेरीत सानिया मिर्झा आणि इव्हान डोडिग यांच्याविरुद्ध. पुरुष दुहेरीतली आठ धरून एकूण अठरा. त्यातली शेवटची पुरुष दुहेरी २०१३ ची यूएस ओपन, स्टेपानेकबरोबर, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. सगळ्या कारकिर्दीत त्याचे जोडीदार शंभराहून अधिक झाले. जो माणूस इतक्या जणांबरोबर जमवून घेऊ शकतो, त्याचं एकाशीच का बिनसावं? उत्तर बहुधा असं की बाकीच्यांशी फक्त स्पर्धा वाटून घ्यायची होती. महेशबरोबर एक देश आणि एक इतिहास वाटून घ्यायचा होता.

शेवटचा अंक डेव्हिस कपचा. इटलीच्या निकोला पिएत्रांजेली यांचा ४२ दुहेरी विजयांचा विक्रम लिअँडरने गाठला होता. तो मोडायला एक विजय हवा होता. २०१७ च्या फेब्रुवारीत पुण्यात बालेवाडीला न्यूझीलंडविरुद्धची लढत आली. विष्णू वर्धनबरोबर उतरलेला लिअँडर आर्टेम सिटाक आणि मायकेल व्हीनस यांच्याकडून हरला. भारताने लढत जिंकली, विक्रम राहिला. दोन महिन्यांनी बंगळुरूला उझबेकिस्तानविरुद्ध भारताचा न खेळणारा कर्णधार होता महेश भूपती. मेक्सिकोत स्पर्धा जिंकून थेट आलेल्या लिअँडरला त्याने संघातून वगळलं आणि बोपण्णाला घेतलं. पुन्हा जाहीर आरोप, पुन्हा खासगी संदेश चव्हाट्यावर. ज्यांना आधीच कंटाळा आला होता त्यांनी हात टेकले.

एप्रिल २०१८, चीनमधलं तिआनजिन. कर्णधार तोच, महेश. भारत पहिल्या दिवशी दोन्ही एकेरी हरला होता. दुहेरीत लिअँडर आणि बोपण्णा उतरले, म्हणजे ज्या बोपण्णाने सहा वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर खेळायला नकार दिला होता तो. पहिला सेट ५-७ असा गेला, पुढचे दोन टायब्रेकवर मिळाले. लिअँडरचा ४३ वा विजय, विक्रम त्याच्या नावावर. पुढे रामकुमार रामनाथन आणि प्रज्ञेश गुणेश्वरन यांनी उरलेल्या दोन्ही एकेरी जिंकून लढत भारताच्या खिशात टाकली.

२०२४ मध्ये लिअँडर आणि विजय अमृतराज यांचा न्यूपोर्टच्या आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. हा मान मिळवणारे ते आशियातले पहिले पुरुष खेळाडू. महेशचं नाव त्या सन्मानात नाही. त्याच वर्षी जानेवारीत रोहन बोपण्णाने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. लिअँडर आणि महेश यांच्यानंतर पुरुष दुहेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारा तो तिसरा भारतीय. ऑलिंपिकचं पुरुष दुहेरीचं पदक मात्र भारताला अजून मिळायचं आहे. ते मिळवण्याच्या सर्वांत जवळ गेलेली जोडी पेस-भूपतीचीच होती, आणि अथेन्सनंतर तिला एकत्र ठेवण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांच्यापैकी कोणीही ती नीट पार पाडली नाही.